जावयाने लावलेले दिवे

दातांच्या डॉक्टरकडे येणारा माणूस खुर्चीत बसता बसता खोटं बोलतो. दोन्ही वेळ घासतो म्हणतो, गोड तर खातच नाही म्हणतो, आणि तोंड उघडलं की त्याचेच दात त्याच्याविरुद्ध साक्ष देतात. या धंद्यात केस पांढरे झालेल्या आमच्या डॉक्टरांचा त्यामुळे कुणाच्याच शब्दावर विश्वास उरला नव्हता. वाण्याच्या तराजूवर नव्हता, हवामानाच्या अंदाजावर नव्हता, आणि जावयावर तर नव्हताच नव्हता.

"बाबा, क्लिनिक संध्याकाळी बंद होतं," त्यांची मुलगी चिऊ म्हणायची, "तुमचा संशय कधी बंद होतो?"

चिऊ क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत टेबलामागे बसायची. फोन घ्यायचा, पेशंटना वेळा द्यायच्या, रडकुंडीला आलेल्यांना दोन गोड शब्द सांगायचे. तिला पाचवा महिना लागला होता. आई गेल्यापासून ती आणि तिचा नवरा क्लिनिकच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरांजवळच राहत होते. मुलगी जवळ आहे याचं डॉक्टरांना सुख होतं, आणि तिच्याबरोबर जावईही आला आहे ही त्या सुखाची किंमत, असं ते मनातल्या मनात समजून चालत.

जावई वाईट नव्हता. शहराबाहेरच्या एका लांबट शेडमध्ये तो रोपं तयार करायचा. फळ्यांवर ट्रे मांडायचे, बी पेरायचं, वर दिवे टांगायचे आणि कोंब बोटभर झाले की बागवाल्यांना विकायचे. डोक्यावर फुकटचा सूर्य असताना दिवसा दिव्याचं बिल भरणारा हा माणूस डॉक्टरांना कधी कळलाच नाही. शिवाय तो काटकसरी होता. चिऊ त्याला काटकसरी म्हणायची, डॉक्टर चिकट म्हणायचे.

बाहेरच्या खोलीत भिंतीलगत डॉक्टरांचा फिशटँक होता. साधा नव्हे, समुद्राच्या पाण्याचा. मासे त्यात मोजकेच, खरी दौलत प्रवाळांची. दगडासारखे दिसतात, झाडासारखे वाढतात आणि असतात मात्र प्राणी. अंगाभोवती स्वतःच चुन्याचं हाड बांधत जातात. तो चुना ते पाण्यातून घेतात, म्हणून पाण्यातलं कॅल्शियम सतत कमी होत राहतं आणि बाटलीतून थोडं थोडं घालावं लागतं. हे सगळं डॉक्टर पेशंटना कौतुकाने सांगत. "दातांचंच काम आहे हो हे, फक्त पाण्यातलं." टँकच्या लांब बाजूसमोर पेशंटच्या खुर्च्या होत्या, आणि आखूड बाजू चिऊच्या टेबलाकडे होती.

त्या टँकचा परदेशी दिवा एक दिवस गेला. प्रवाळांना उजेड नसला की ते पांढरे पडून मरतात. नवा दिवा यायला बराच वेळ लागणार होता. डॉक्टर खोलीत येरझारा घालत असतानाच जावई शिडी, साखळ्या आणि दोन पत्र्यासारखे दिवे घेऊन हजर झाला.

"शेडमधले जास्तीचे आहेत बाबा. स्वस्त आणि मस्त. टोमॅटोची रोपं काय वाढतात याखाली!"

"हे टोमॅटो नाहीत, जावईबापू. जीव आहेत."

"उजेड तो उजेड. रोपांना चालतो, यांना का नाही चालणार?"

"दात कोरून पोट भरत नाही," डॉक्टर म्हणाले. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी मान हलवली, आणि जावयाने छताला आकडे ठोकले.

जुन्या दिव्याला झाकण होतं, त्याचा निळसर उजेड सरळ पाण्यात पडायचा. हे दिवे उघडे होते. त्यांचा जांभळट गुलाबी उजेड टँकमधून सांडून अर्ध्या खोलीभर पसरायचा, खुर्च्यांवर, चिऊच्या टेबलावर, तिच्या फुगत चाललेल्या पोटावर. त्यात माणसांचे चेहरे उकडलेल्या बिटासारखे दिसत. पेशंट आधीच घाबरलेले, त्यात हे. डॉक्टर जावयाला म्हणाले, "छान दिवे लावलेत." जावयाला ते कौतुक वाटलं.

टँकचे मासे विकणाऱ्याने फोनवर ताकीद दिली होती. असल्या दिव्यांत लाल उजेड फार, टँकभर शेवाळ माजेल, काच दिसायची नाही. डॉक्टर त्या शेवाळाची आतुरतेने वाट पाहत होते. "मी म्हणालो होतो" हे वाक्य त्यांच्या जिभेच्या टोकावर तयार होतं.

शेवाळ आलं नाही. काच लख्ख राहिली, आणि प्रवाळ वाढायला लागले.

नुसते वाढले नाहीत, मुसंडी मारून वाढले. वर्षानुवर्षं मुठीएवढं राहिलेलं एक प्रवाळ महिन्याभरात दुप्पट झालं. नव्या कडा फुटल्या, पांढऱ्या, ओल्या, कमानीसारख्या वळलेल्या. चिऊ खूश होती. तिच्या बाजूला, मोठ्या दगडाच्या सावलीत, काहीतरी बारीकसं उगवलं होतं. त्याला ती पिल्लू म्हणायची. "बाबा, माझं पिल्लू बघा ना," ती म्हणायची, आणि डॉक्टर हातातल्या पेशंटच्या घाईत "बघतो, बघतो" म्हणून आत जायचे.

आणखी एक गंमत तिने सांगितली. सकाळी दिवे लागले की पोटातलं बाळ हलतं. "एकदम वेळेवर. बापावर गेलंय, दिवे दिसले की जागं होतं."

त्यावर सगळे हसले. डॉक्टरही हसले.

पण त्यांना एक गोष्ट खटकत होती. एवढं हाड वाढतंय तर पाण्यातलं कॅल्शियम झपाट्याने उतरायला हवं. ते उतरतच नव्हतं. बाटलीतल्या चाचणीचं पाणी गुलाबीचं निळं होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. त्या गुलाबी उजेडात रंग ओळखता येईना, म्हणून डॉक्टर बाटली खिडकीशी नेऊन, समोरच्या किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाकडे पाठ करून, पुन्हा पुन्हा पाहत. दर वेळी तोच आकडा.

"मग कुणीतरी घालत असणार," मासेवाला फोनवर म्हणाला. "हाडं हवेतून येत नाहीत, डॉक्टरसाहेब. चुना कुठून तरी येतोच."

कुणीतरी म्हणजे कोण, हे डॉक्टरांना लगेच कळलं. आपले स्वस्तातले दिवे भारी ठरावेत म्हणून जावई चोरून कॅल्शियम ओतत असणार. त्यांनी कॅल्शियमची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. आकडा तोच. मग त्यांनी दातांत फिरवायचा बारीक दोरा टँकच्या झाकणावरून ताणून दोन्ही बाजूंना चिकटवला. झाकण कुणी उचललं तर तुटलाच पाहिजे. दोरा आठवडाभर जसाच्या तसा राहिला, आणि पांढऱ्या कमानी मात्र आणखी पुढे आल्या.

"जावईबापू, पाण्यात काही घालता का तुम्ही?" शेवटी त्यांनी जेवताना विचारलं.

"मी? मला तर त्या पाण्याची भीतीच वाटते बाबा."

"भीती कसली?"

जावयाने हातातला घास ताटात ठेवला. "रोप उजेडाकडे वाढतं. कुठलंही रोप घ्या, दिवा हलवला की दोन दिवसांत मान वळवतं. तुमचे हे वर दिव्याकडे वाढतच नाहीयेत. खुर्च्यांकडे वाढतायत."

डॉक्टरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. चोराच्या उलट्या बोंबा, असं त्यांना वाटलं.

त्याच आठवड्यात टेलरमास्तर आले. हे डॉक्टरांचे जुने पेशंट. दाढेच्या कामासाठी गेले दोन महिने त्यांच्या फेऱ्या चालू होत्या, आणि दिलेल्या वेळेच्या तासभर आधी येऊन टँकजवळच्या खुर्चीत बसायची त्यांची रीत होती. मासे बघत बसलं की डोळ्यांना बरं वाटतं म्हणायचे. आयुष्यभर दातांनी दोरा तोडून त्यांच्या वरच्या पुढच्या दाताला एक नेमकी खाच पडली होती, आणि शेजारचा दात जरा तिरका होता. मागे डॉक्टरांनी त्यांच्या दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा केला तेव्हा मास्तर म्हणाले होते, "मी साऱ्या शहराची मापं घेतली, माझं माप घेणारे तुम्ही पहिले."

आज मास्तर हसत नव्हते.

"डॉक्टर, दोरा तुटेना झालाय."

"म्हणजे?"

"चावतो, पण दातच दबल्यासारखा वाटतो. दुखत काहीच नाही बघा."

डॉक्टरांनी टोकदार सळई घेऊन खाचेच्या दाताला लावली. निरोगी दातावर ती टकटक वाजते. ही वाजली नाही. जरासा दाब दिला तर ओल्या खडूत रुतावी तशी रुतली. कीड नव्हती, डाग नव्हता, वास नव्हता. दात पांढराशुभ्र होता, फक्त त्याच्यातलं दातपण निघून गेलं होतं. डॉक्टरांनी एवढ्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. ते त्यांनी मास्तरांना सांगितलं नाही. "सध्या जरा जपून," एवढंच म्हणाले.

मास्तरांना सोडायला ते बाहेर आले. मास्तरांची रिकामी खुर्ची गुलाबी उजेडात उभी होती. तिच्या समोर, काचेच्या आतल्या बाजूला, मुठीएवढ्याचं दुप्पट झालेल्या त्या प्रवाळाची पांढरी कमान होती. डॉक्टरांची नजर तिच्यावरून सहज फिरली. आणि परत आली.

कमानीच्या कडेला उंचवटे होते, एकाशेजारी एक. मधल्या एकाला खाच होती. त्याच्या शेजारचा जरा तिरका होता.

मेंढपाळाला मेंढ्यांचे चेहरे ओळखू येतात, तसे डॉक्टरांना दात ओळखू यायचे. नाव विसरत, माणूस विसरत, पण तोंड उघडलं की म्हणत, अरे, तुम्ही होय! त्यांनी आतल्या फळीवरून मास्तरांचा साचा आणला आणि काचेला लावून धरला. एकेक उंचवटा, एकेक फट, तिरकेपणाचा कोन, सगळं बरोबर.

संध्याकाळी त्यांनी जावयाला टँकसमोर उभं केलं.

"हा साचा तुम्ही आत ठेवलात? दुसरा करून घेतलात कुठून? म्हाताऱ्याची थट्टा करायला हीच जागा सापडली?"

जावई पुढे वाकला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून डॉक्टरांना प्रथमच वाटलं की हा खरं बोलत असावा. "बाबा," तो हळूच म्हणाला, "ते जिवंत आहे. त्याच्यावर ते केसासारखे तंतू बघा. मी बोट आणलं की आत जातात."

टेबलामागून चिऊ ओरडली, "आता माझ्या नवऱ्याला कशाला धारेवर धरताय?"

डॉक्टर साचा घेऊन आत गेले. पण त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि एकदा मनाने घेतलं की ते तड लावल्याशिवाय राहत नसत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, क्लिनिक जेवणाला बंद असताना, त्यांनी बाह्या सरसावल्या. चिऊ वर झोपली होती. डॉक्टरांनी दिवे बंद केले नाहीत, नीट दिसायला हवं होतं. दात काढायची पक्कड उकळून घेतली, हेही सवयीनेच. दगड उचलून बाहेर काढायला हवा होता, पण कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात घातल्यावर त्यांनी केलं ते आयुष्यभर करत आले तेच. खाचेचा उंचवटा पकडीत धरला, मनगट आधी आत, मग बाहेर, मग हलकासा पीळ. "आता जरा दाबल्यासारखं वाटेल," ते पुटपुटले, आणि आपण हे कुणाला सांगितलं या विचाराने स्वतःशीच ओशाळले.

तो सुटला. ओळखीचा, ओला, छोटा आवाज झाला.

डॉक्टरांनी पक्कड वर काढली. प्रवाळाचा तुकडा मोडला तर त्याची मोडलेली कड दिसायला हवी. पकडीत मोडलेलं काही नव्हतं. खाली एक लांब, निमुळतं, गुळगुळीत मूळ होतं.

ते अजून त्या मुळाकडे बघत असतानाच दार वाजलं. टेलरमास्तर तोंडाला रुमाल लावून उभे होते. त्यांचं दुकान कोपऱ्यावरच होतं.

"काही खात नव्हतो, डॉक्टर. गिऱ्हाइकाशी बोलत होतो. बोलता बोलता मांडीवर पडला."

रुमालात दात होता. रक्ताचा थेंब नव्हता. डॉक्टरांनी तो चिमटीत घेतला तर अंड्याच्या टरफलाएवढा हलका, आणि आतून पोकळ. त्यांच्या कोटाच्या खिशात दुसरा होता, जड, भरीव, समुद्राचा वास येणारा. मास्तरांना खुर्चीत बसवून त्यांनी हिरडी पाहिली. तिथे दात कधी नव्हताच, अशी ती सपाट मिटली होती.

"वय झालं म्हणायचं, दुसरं काय," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी खिशातला दात मुठीत घट्ट धरला. लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली भीती होती. भीती मास्तरांसाठी नव्हती. त्या उजेडात तासभर बसणाऱ्याची ही गत, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणारीचं काय?

"चिऊ, जरा खुर्चीत ये. दात बघू दे."

"मला काय धाड भरलीय?"

"ये म्हणतो ना."

त्यांनी एकेक दात तपासला. सळई टकटक वाजत होती. वरचे, खालचे, अक्कलदाढासुद्धा. सगळे जिथल्या तिथे, पोलादासारखे टणक. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम चिऊच्या गालावर पडला तेव्हा ती दचकली.

"बाबा, रडताय?"

"घाम आहे गं." त्यांनी हातमोजे काढले. जिवात जीव आला होता. "आणि बाळ? मागच्या आठवड्यात सोनोग्राफी झाली ना?"

"सगळं छान आहे म्हणाल्या तिथल्या बाई. फक्त महाराजांनी तोंडच दाखवलं नाही. हात धरून ठेवला होता तोंडापुढे, असा." तिने आपला तळवा हनुवटीवर ठेवून दाखवला आणि हसली. "पुढच्या वेळी दिसेल म्हणाल्या."

शनिवारी क्लिनिक बंद करताना डॉक्टरांनी दोन्ही दिव्यांची बटणं बंद केली आणि प्लग उपटून ठेवले. प्रवाळ मरतील तर मरोत. चिऊने कुरकुर केली, तिचं पिल्लू मरेल म्हणाली. "नवा दिवा येतोय," ते म्हणाले. खोटं बोलायची पाळी या वेळी त्यांची होती.

रविवारी सकाळी उन्हं वर आल्यावर ते खाली आले. टँक उपसून टाकायचा, दगड गोणीत भरायचे, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत बऱ्याच दिवसांनी साधा, पांढरा, दिवसाचा उजेड होता. त्या उजेडात खुर्च्यांसमोरच्या सगळ्या कमानी स्पष्ट दिसत होत्या. आता डॉक्टरांना कुठलाच साचा आणायची गरज नव्हती. ही बँकेतल्या बाईंची, पुढे आलेले सुळे. ही रोज सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या पेन्शनरांची, मधली फट. सगळे पेशंट, आपापल्या खुर्चीसमोर, तोंड उघडून.

चिऊच्या खुर्चीकडे कमान नव्हती. मघापासून त्यांना धीर होता तो एवढाच.

मग पिल्लू आठवलं.

ते टेबलामागे गेले आणि मुलीच्या खुर्चीत बसले. इथून टँकची आखूड बाजू दिसायची. या जागेवरून त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. मोठ्या दगडाच्या सावलीत, काचेपासून बोटभर आत, अंगठ्याच्या नखाएवढी एक वळलेली पट्टी होती. घोड्याच्या नालेसारखी. तिच्यावर उंचवटे नव्हते. ती गुळगुळीत होती, आणि अंगावरचं पातळ आवरण इतकं पारदर्शक होतं की आतलं दिसत होतं. आत, ओळीने, मोहरीएवढे पांढरे ठिपके बसले होते.

दुधाचे दात पोटात असतानाच धरायला लागतात, हे ते विद्यार्थी असताना शिकले होते. हिरडीच्या आत, कळ्यांसारखे.

आवरणाची कड रात्रीत पांढरी पडायला लागली होती. अंधारात प्रवाळ मरतात तशी.

जिन्यावर पावलं वाजली. चिऊ खाली येत होती, कठड्याला धरून, सावकाश. मागे जावई होता. तिचा एक हात पोटावर होता.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज रोजचा नव्हता. "बाळ हललं नाहीये. रात्रीपासून. सकाळी उठून पाणी प्यायले, कुशीवर झोपून पाहिलं. अजिबात नाही."

"दवाखान्यात फोन केलाय," जावई म्हणाला. "गाडी काढतो."

डॉक्टर उठून उभे राहिले. मास्तरांची सपाट मिटलेली हिरडी त्यांना दिसत होती. पकडीतलं मूळ दिसत होतं. रिकाम्या गोणीवर त्यांचा पाय पडला होता.

त्यांनी दोन्ही प्लग खोचले आणि बटणं दाबली.

दिवे लागले. गुलाबी उजेड खोलीभर सांडला, खुर्च्यांवर, टेबलावर, चिऊच्या पोटावर.

पंप घरघरत होता.

"हललं," चिऊ म्हणाली, आणि तिला एकदम रडूच कोसळलं. "बाबा, हललं! बघा, पुन्हा!"

जावयाने तिला जवळ घेतलं. डॉक्टर भिंतीला टेकले. त्यांची मुलगी हसत होती, रडत होती, आणि तिचा चेहरा त्या उजेडात उकडलेल्या बिटासारखा दिसत होता.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे दिवे बिघडतात का हो कधी?"

"स्वस्तातले आहेत बाबा. जातात अधूनमधून."

"मग आणखी आणून ठेवा. शेडमधले असतील तेवढे."

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं.

चिऊने डोळे पुसले आणि सवयीने आपल्या खुर्चीत जाऊन बसली. "आणि माझं पिल्लू? मेलं तर नाही ना?" ती काचेशी वाकली. "नाही गं बाई. आहे. रोज सकाळी मी असं करते ना, ते ओळखतं मला."

तिने काचेला बोट लावलं.

तान्ह्या बाळाच्या गालाला बोट लावलं की ते त्या बाजूला मान वळवतं आणि तोंड उघडून चाचपडतं. पाण्यातली ती नखाएवढी कमान सावकाश तिच्या बोटाकडे वळली, आणि उघडली.